नऊ तिकिटं, एक डोकं

एका बाईने एकच सिनेमा नऊ वेळा, दर वेळी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून पाहिला, तर तुम्ही किती प्रेक्षक मोजाल? एक की नऊ?

उत्तराची घाई करू नका. मी केली होती. मी 'एक' असं लिहिलं आणि खाली सही केली. ती बाई काष्टीजवळच्या एका वाडीतली. तिची मुलगी मेलेली होती आणि त्या सिनेमात एक श्वासभर दिसायची. मुलीचा दुसरा फोटो जगात नव्हता. माझ्या सहीनंतर तेवढं दिसणंही राहिलं नाही. हे कसं झालं ते सांगतो.

माझे वडील नगरला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, मोर्चाची, भाववाढीच्या निषेधाची, कुणाच्या तरी निलंबनाविरुद्धची. छापून उरलेली पत्रकं वडील घरी आणत. कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. 'जाब द्या' हे शब्द मला 'कमळ बघ'च्या आधी वाचता आले. त्या पत्रकांमुळे माझी खात्री झाली होती की जगातली सगळी लबाडी आकड्यांत लपलेली असते आणि खरा आकडा चव्हाट्यावर मांडणं हेच प्रामाणिक माणसाचं पहिलं काम. अजूनही मला ते खोटं वाटत नाही. फक्त आता ते वाक्य लिहिताना हात अडतो.

बी.ए. झाल्यावर दोन वर्षं नोकरी नव्हती. मग बस स्टँडमागच्या बोळात जिन्यावर ऑफिस असलेल्या एका सिनेमा वितरकाकडे लागलो. त्यांना सगळे शेठ म्हणत, मीही म्हणू लागलो. धंदा साधा होता. सिनेमा मुंबईच्या निर्मात्याचा. शेठ त्याच्याकडून आपल्या जिल्ह्यापुरते आणि तेही फक्त फिरत्या तंबू-टॉकीजपुरते हक्क विकत घेत, तीन वर्षांचे किंवा पाच. हक्कांबरोबर एक प्रिंट मिळे. ती तंबू तंबू फिरवायची. मुदत संपली की दोनच वाटा होत्या. एक तर पैसे देऊन हक्क पुन्हा घ्यायचे, नाहीतर प्रिंट तोडून टाकायची आणि तोडल्याचा दाखला दोन साक्षीदारांच्या सह्यांनी निर्मात्याला पाठवायचा. एक फूटसुद्धा मागे ठेवायची नाही, असं करारात लिहिलेलं असे.

माझं काम प्रिंटच्या पेटीबरोबर जाण्याचं. एस.टी.च्या टपावर पेटी, खाली मी. गावात पोचलो की तिकीट खिडकीत मालकाशेजारी बसायचं, फाडलेली तिकिटं मोजायची आणि रोजचा अहवाल लिहायचा. तंबूवाले तिकिटं कमी दाखवत, त्यासाठी कंपनीच्या माणसाला चहा, भजी आणि काय काय देत. मी चहासुद्धा माझ्या पैशाने प्यायचो. माझी ख्याती झाली होती. मला बघून एक तंबूवाला बायकोला म्हणाला होता, "आलं बग, उपासाचं ताट."

पहिल्या आठवड्यात शेठनी मला समोर बसवलं आणि टेबलाशेजारच्या पत्र्याच्या पेटीवर हात ठेवला.

"सांग, यात काय आहे?"

"चित्र."

"चूक. यात ती माणसं आहेत ज्यांनी हे चित्र अजून पाहिलेलं नाही. माणूस पाहून तंबूबाहेर पडला की तो माझ्या पेटीतून पण बाहेर पडला. पेटीत जेवढी माणसं शिल्लक, तेवढी तिची किंमत."

"आणि नट? गाणी?"

"ते बघतोच की. नट कोण, गाणी किती, देव आहे का, तमाशा आहे का, प्रिंटला जोड किती, झिजलेल्या प्रिंटमुळे पडद्यावर पावसासारख्या रेघा किती. पण हे सगळं नवीन चित्राला. जुन्या चित्राला एकच प्रश्न. नवी डोकी किती?"

"आणि कुणी दुसऱ्यांदा आला तर? त्यानेही पैसे दिलेच ना?"

शेठ हसले. "अरे, दुसऱ्यांदा येणारा म्हणजे लग्नात राहून गेलेला पाहुणा. आज आहे, उद्या सकाळच्या गाडीने जाईल. त्याच्या भरवशावर मी पुढच्या तीन वर्षांचे पैसे लावू? त्याला एकदाच मोजायचं."

मला हे पटलं. हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेठना दोष द्याल. त्या हिशेबात मला एक शिस्त दिसली. गल्ला फसवतो, डोकी फसवत नाहीत. मी एक वही केली. चेहरे लक्षात राहावेत म्हणून खुणा लिहायचो. 'लाल मुंडासं.' 'कानात भिकबाळी.' 'हसताना तोंडावर हात.' दुसऱ्या दिवशी तोच माणूस खिडकीशी आला की खुणेपुढे बारीक रेघ. जिल्ह्यात असा अहवाल देणारा मी एकटाच होतो आणि मला त्याचा अभिमान होता.

दुष्काळाचं वर्ष होतं. काष्टीच्या बाजारात जनावरं आणणारे फार, नेणारे थोडे. अशा बाजाराच्या कडेला तंबू लागला होता. त्याचा मालक स्वतःच मशीन चालवायचा. बोटं मशीनच्या दिव्यातल्या कार्बनने काळी, तोंड अखंड चालू. मी जी पेटी घेऊन गेलो होतो त्यातलं चित्र आधीच थकलेलं होतं. काळंपांढरं, नटाचं नाव लोक विसरलेले, गाणी कुणी गुणगुणत नव्हतं. त्याचं नाव इथे देऊन उपयोग नाही. तंबूवाले अशा चित्रांची नावं बदलून गावोगाव नवीन पाटी लावतात. आमच्या प्रिंटची नाव असलेली सुरुवातच केव्हाची फाटून गेली होती. हक्कांची मुदत तीन महिन्यांत संपणार होती. शेठ म्हणाले होते, "काष्टीला शेवटचं फिरवून बघ. काय ते तू सांग."

दोन दिवसांत पेटी उचलावी लागेल असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाइतकीच तिकिटं गेली. तिसऱ्या दिवशीही.

"ओ कंपनी," मालक म्हणाला, "मोजा, मोजा. न्हाई मोजलं तर पाप लागंल."

"या चित्रात आहे काय एवढं?"

"काय न्हाई. बारव हाय."

"विहीर? विहीर बघायला येतात लोक?"

"औंदा पानी कुटं हाय दुसरीकडं?" असं म्हणून तो स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसला आणि मशीनमागे गेला.

तिसऱ्या दिवशी माझी वही रेघांनी भरली. वीस-बावीस माणसं रोज तीच होती. एकदम यायची, एका वाटेने. त्यांच्या पुढे एक बाई असायची, पन्नाशीची, उंच, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. माझ्या वहीत तिची खूण होती 'मोड मागत नाही'. ती खिडकीत हात घालून नेमकी नाणी ठेवायची. मला दाट संशय आला की तंबूवाल्याने हक्कांची मुदत वाढावी म्हणून भाड्याची माणसं आणली आहेत. असल्या थकलेल्या चित्रासाठी कुणी असं का करील, हा प्रश्न मला पडला नाही. लबाडी सापडल्याचा आनंद एवढा होता की मी पुढचा विचारच केला नाही.

चौथा दिवस बाजाराचा. ती बाई मला बाजारातच दिसली. पोत्यावर वाळलेल्या मिरच्यांचा ढीग घेऊन बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"मावशी, एक विचारू? रोज तेच चित्र बघता. कुणी पैसे देतं का तुम्हाला?"

तिने मला खालून वर पाहिलं. "मला कोन देतंय? मीच देती की तुमच्या खिडकीत. सुट्टं देती, कवा मोड मागितली का?"

शेजारी वांगी घेऊन बसलेली बाई म्हणाली, "सांग बाई, सांग. फौजदार आल्यात. हातात वही बी हाय."

"मग रोज का येता?"

"लेक हाय माजी त्यात."

मी नकळत हसलो असेन, कारण वांगीवालीने लगेच सुनावलं, "हसताय काय? तुमाला वाटलं हिरॉईनीची आय मिरच्या इकती व्हय बाजारात?"

मग मावशी मिरच्यांचे देठ खुडत सांगत गेली. मला बसायलाही सांगितलं नाही, आणि मी उभ्यानेच ऐकलं.

"सहा-सात वर्सं झाली. शूटिंगवाले आले आमच्या वाडीच्या बारवंवर. म्हनले, तिगी पोरी पायजे, घागरी घिऊन पायऱ्या उतरायला. म्होरं त्यांचं ते चाललेलं, गानं का काय. पोरींनी नुसतं मागं उतरायचं. सांगितलं, मशीनकडं बगायचं न्हाई. दोगींनी न्हाई बगितलं. मदली माजी. ती वळली." मावशीने खुडलेले देठ बाजूला सारले. "सांगितल्यालं ऐकायची सवय न्हवतीच तिला."

"आता कुठे असते?"

"फुडल्या साली गेली की. तापानं. चार दिस."

वांगीवाली एकदम गिऱ्हाइकाशी भाव करू लागली.

"फोटो?"

"फोटू न्हाई. लगीन ठरलं की नगरला जाऊन काडू, आसं हुतं."

"आणि बाकीची माणसं? ती का येतात रोज?"

"अंदाराचं दोन मैल मी एकटी कशी येनार? वाडी येती संगं. समदी वळखायची की तिला."

"तिचे वडील?"

"त्यो न्हाई येत. म्हनतो, एकदा मेली तेवढं बास हाय."

त्या संध्याकाळी मी खिडकी बंद करून तंबूत गेलो आणि मशीनपाशी उभा राहिलो. बायकांची बाजू कापडाने वेगळी केलेली होती. मध्यंतर झालं, पुढचं रीळ चढलं. मालक माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता."

पडद्यावर बारव आली. पुढे नायिका कठड्यावर बसून गात होती, नायक पारावर. मागे, अंधुक, तीन मुली पायऱ्या उतरत होत्या. मधलीने मान वळवली. पावसाच्या रेघांतून तिने सरळ आमच्याकडे पाहिलं. नायिकेच्या चेहऱ्यावर नाटक होतं, या मुलीच्या चेहऱ्यावर नव्हतं. इथे काय चाललंय, एवढंच तिला बघायचं होतं. मग पायऱ्यांच्या वळणामागे ती दिसेनाशी झाली.

कापडापलीकडे मावशी आधी उठली. मग वीस-बावीस माणसं एकेक करून उठली आणि बाहेर पडली. नायक-नायिकेचं पुढे काय झालं हे त्या वाडीत कुणालाही माहीत नसावं.

मालक म्हणाला, "पयल्या दिशी पडद्यावर लेक वळखली तिनं, तसं मी म्हनलं, उद्यापास्नं फुकट ये. ऐकलं न्हाई. म्हनली, फुकट बगितली तर तुमी उद्या बंद कराल. तिकीट काडलं तर बंद करता येत न्हाई."

चित्र नऊ दिवस चाललं. ती नऊही दिवस आली.

नगरला परतताना एस.टी.त मी अहवाल लिहिला. मला सगळं माहीत होतं. अज्ञानातून चूक झाली असती तर आज मला झोप लागली असती. पण मी विचार करून लिहिलं. मला वाटलं, दयेपोटी आज आकडा वाकवला तर उद्या चहापोटी वाकवीन. मला वाटलं, माझा बाप उलटे खिळे जुळवून सरळ शब्द छापतो आणि मी सरळ आकडा उलटा लिहू? अशी वाक्यं मला फार लवकर सुचतात. मी लिहिलं: 'गल्ला चांगला, परंतु फसवा. रोजची वीस-बावीस माणसं तीच. येण्याचं कारण वैयक्तिक. नवी डोकी नगण्य. हक्क पुन्हा घेण्यास योग्य नाही.'

शेठनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "कारण वैयक्तिक म्हणजे?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "तुला एक सांगू? नुसता गल्ला लिहून दिला असतास तर मी डोळे मिटून तीन वर्षांचे हक्क घेतले असते."

"मग घ्या ना, शेठ."

"आता कसे घेऊ? आता मला कळलं ना." त्यांनी कागद घडी करून फाइलमध्ये घातला. "आणि निर्माता भाव वाढवून मागतोय. मुंबईला ते टेलिव्हिजन सुरू झालंय. म्हणतो, आता जुन्या चित्रांनाही दिवस येतील, ती पेटी घरोघरी चित्र दाखवणार. मी त्याला विचारलं, घरात बसून कोण बघतंय हे तुला कसं कळणार? डोकी कशी मोजणार? म्हणे, मोजायची गरजच नाही, अंदाजाने भाव ठरेल. असला अंदाजाचा धंदा मला जमायचा नाही."

ते मला शाबासकी देऊन चहा मागवू लागले. मी नेहमीप्रमाणे माझ्या चहाचे पैसे टेबलावर ठेवले.

तीन महिन्यांनी प्रिंट तोडली. ऑफिसच्या मागच्या आवारात, भर दुपारी. भंगारवाला कुऱ्हाड आणि पोती घेऊन आला होता. काळ्यापांढऱ्या फिल्मचे तुकडे धुऊन त्यातली चांदी काढतात, त्यासाठी तो ती नेणार होता. दाखल्यावर दोन साक्षीदार लागत. एक मी. दुसरा काष्टीचा तंबूवाला, कारण तो योगायोगाने दुसरी पेटी परत द्यायला आला होता आणि शेठनी त्याला थांबवून घेतलं.

रिळं उलगडून आवारात टाकली तेव्हा ती सापांच्या वेटोळ्यांसारखी हलत होती. तंबूवाला उकिडवा बसला आणि एक रीळ हातातून सरकवू लागला. बोटांनाच ते रीळ पाठ होतं. एका जागी थांबला, दातांनी एक तुकडा तोडला आणि उन्हासमोर धरून माझ्याकडे दिला.

सात चौकटी होत्या. पहिल्या तीनांत तिची पाठ आणि घागर. मग कान. मग गाल. शेवटच्या दोनांत ती माझ्याकडे बघत होती, नखाएवढ्या जागेत, उन्हात, चेहऱ्यावर एकही रेघ नसलेली. पडद्यावर तिला इतकं स्पष्ट मी पाहिलं नव्हतं.

"घाला खिशात," तो हळू म्हणाला. "मागनं मी म्हातारीला नीऊन देतो. वीतभर बी न्हाई."

"करारात एक फूटही ठेवायचा नाही असं आहे."

"हे फूट हाय का? अर्दा फूट बी भरायचं न्हाई."

"मला सही करायची आहे. सगळं तोडलं म्हणून लिहून द्यायचं आहे."

"मंग करा की सही! हात कुनी धरलाय?"

"खोटी?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला तेव्हाही खाली बघावं लागलं. "तुमी मानूस हाय का कायदा, ओ कंपनी?"

मी तो तुकडा ढिगावर ठेवला. टाकला नाही, ठेवला. अलगद ठेवला याची मला बरेच दिवस आठवण येत राहिली, जणू त्यामुळे काही फरक पडत होता. तो वाकून उचलू लागला तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही उचललात तर मी सही करणार नाही. आणि सही नसेल तर शेठ तुम्हाला पुढचं चित्र देणार नाहीत." हेही मीच बोललो. त्याने हात मागे घेतला आणि बाजूला जाऊन थुंकला. भंगारवाल्याने कुऱ्हाड उचलली.

दाखल्यावर माझी सही सुवाच्य आहे.

पुढच्या खेपेला दुसरं चित्र घेऊन काष्टीला गेलो. खिडकी उघडली तर रांगेत तीच पुढे. मागे वाडी नव्हती, एकच म्हातारा सोबतीला.

"आमचं चित्र कवा?"

"ते आता येणार नाही, मावशी. मुदत संपली."

"कशाची?"

"हक्काची. शेठकडे हक्क होता, तो संपला."

"मंग फिरून घ्या की."

"प्रिंट तोडली."

तिला शब्द कळला नसावा. मी म्हणालो, "कापून टाकली." तेव्हा कळला.

"का?"

"बघायला नवीन माणसं नव्हती."

"मी हुते की."

"तुम्ही एकट्याच, मावशी. एकच."

"एक?" तिचा आवाज चढला नाही. "नऊ येळा ह्या खिडकीत हात घातला मी. नऊ येळा तुमच्याच हातात पैसं ठिवलं. तवा न्हाई म्हनलात, मावशी, तुमचं एकदाच घेतो म्हनून."

मागून कुणी ओरडलं, "ओ मावशे, भांडन लावलंय का तिकीट काडतीस? हो की बाजूला!"

ती हलली नाही. खिडकीच्या चौकटीला धरून तिने खालच्या आवाजात विचारलं, "कापताना दिसली का वो तुमाला?"

"नाही," मी म्हणालो.

आयुष्यात आकड्यांबद्दल मी कधी खोटं बोललो नाही. हे बोललो. तिने मान हलवली, नेहमीची नाणी ठेवली आणि म्हणाली, "द्या एक."

"मावशी, हे दुसरं चित्र आहे. यात ती नाही."

"तुमाला काय ठावं?" ती म्हणाली. "कुटं कुटं गेली आसंल. बगू तरी."

त्या रात्री ती शेवटपर्यंत बसली. तेव्हापासून ती काष्टीला लागणारं प्रत्येक चित्र बघते, असं तंबूवाल्याने मला सांगितलं. नायक-नायिकेकडे बघत नाही. मागे बघते.

मीही आता तसंच बघतो. नोकरी त्याच महिन्यात सोडली, पण त्याने काही सुटलं नाही. कुठलंही चित्र असो, माझी नजर पुढच्या माणसांवर ठरतच नाही. बाजाराच्या देखाव्यात, देवळाच्या गर्दीत, वरातीत, कुणीतरी सांगितलेलं न ऐकता मशीनकडे बघत असतं. हल्ली तर मला पडदाही लागत नाही. बसच्या खिडकीत ऊन आलं की मिटल्या डोळ्यांत सात चौकटी उभ्या राहतात. पाठ, घागर, कान, गाल. शेवटच्या दोन चौकटी आल्या की मी डोळे उघडतो. ती रागावलेली नसते, तिला नुसतं बघायचं असतं, इथे काय चाललंय ते. मी तिला काय सांगू? हक्क कुणाकुणाकडे होते याची यादी माझ्याकडे आहे. निर्मात्याकडे होता, शेठकडे होता, उद्या त्या टेलिव्हिजनवाल्यांकडेही असेल. तिच्या चेहऱ्याचा हक्क तिच्या आईकडे आहे का, हे विचारायला कुठल्याच करारात रकाना नव्हता, आणि पत्रकांवर वाढलेल्या मला तो करार रोज वाचूनही ते दिसलं नाही.

हा मजकूर वाडीत कुणीतरी तिला वाचून दाखवील, हे धरूनच लिहितो आहे. मावशी, ती मला दिसली होती. उन्हात, अगदी स्पष्ट. माझ्या हातात होती आणि मी ती ठेवून दिली. माफी मागत नाही. तुम्ही द्याल अशी भीती वाटते.

आता वाचणाऱ्यांना. नोकरी सोडल्यावर मी निर्मात्याला चार पत्रं पाठवली. बऱ्याच महिन्यांनी दोन ओळींचं कार्ड आलं. मूळ निगेटिव्हची अवस्था माहीत नाही, इतर भागांचे हक्क निरनिराळ्या लोकांना विकलेले आहेत. म्हणजे आमच्या जिल्ह्यातली प्रिंट मेली, तरी वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात, कोकणात कुणाच्या तरी पेटीत हे चित्र अजून असू शकतं.

म्हणून एक काम करा. तुमच्या गावाला तंबू येत असेल तर मशीनवाल्याला जाऊन विचारा: काळंपांढरं, मध्यंतरानंतरच्या रिळात बारव, पुढे गाणं चाललंय, मागे तीन मुली घागरी घेऊन उतरतात, मधली वळून बघते. असं चित्र त्याच्याकडे आहे का? तो 'हो' म्हणाला तर एक पोस्टकार्ड टाका. पत्ता लांबलचक नको. 'मिरचीवाल्या मावशी, चित्रातल्या मुलीची आई, काष्टी बाजार' एवढं लिहिलंत तरी टपालवाला बरोबर पोचवतो, मी त्याला विचारून घेतलं आहे. कार्डावर गावाचं नाव, तंबू किती दिवस आहे आणि जवळचा एस.टी. थांबा लिहा. तिला दोन-तीन गाड्या बदलाव्या लागतील, आणि वाडीला सोबतीची पाळी लावावी लागेल. दिवाळीपर्यंत थांबू नका. तिकडच्याही मुदती संपत आल्या असतील.